गळ, तळं आणि आमची रजा

आमच्या माणसाची रजा कशात जाते याचा हिशोब कुणीतरी एकदा मांडायला पाहिजे. १ जानेवारीला भीमा कोरेगाव. १४ एप्रिलला मिरवणूक, तिच्याआधी महिनाभर वर्गणी. दसऱ्याला नागपूर. ६ डिसेंबरला दादर. मधे कुठं अत्याचार झाला की तिथं, मोर्चा निघाला की तिकडं, नात्यात मयत झाली की गावी. उरलेली रजा लग्नात आणि दवाखान्यात. म्हणजे आम्ही घरबशे नाही. ट्रकच्या फाळक्यावर बसून, रेल्वेच्या संडासाजवळ उभं राहून आम्ही निम्मा देश पालथा घातलाय. पण काही न मागता, काही न ठणकावता, कुणाचाही निषेध न करता एखाद्या पाण्याच्या काठावर दिवसभर नुसतं बसायला आपल्यातलं कोण गेलंय? हात वर करा.

येत्या सप्टेंबरात आम्ही पाचजण काश्मिरात जायचं म्हणतोय. गंगाबल नावाच्या तळ्यावर. ट्राऊट मासा धरायला.

हे मी विहाराच्या ओट्यावर बोललो तेव्हा आधी कुणाला खरंच वाटेना. मग एकेकाचं तोंड सुटलं. गुरुजी म्हणाले, "रोज पंचशील म्हणता आणि गळ टाकायला काश्मीरला जाता?" आमचा जुना पँथर, गुडघ्यावर हात ठेवून, "खायला मिळणार असंल तर मी येतो गड्या, धरायचं तुम्ही बघा." सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरताईंनी एकच विचारलं, "मासे साफ कोण करणार, भाऊ?" आणि शाखेतलं एक तरणं पोरगं, परवाच ज्यानं शिबिरात झकास भाषण केलं, ते म्हणालं, "काका, लोकं मरायलीत, नोकऱ्या संपायल्यात, अन् तुम्ही ही साहेबी थेरं काढलीत व्हय?"

त्या पोराला मी तिथंच सांगितलं. बाबा, या देशात जमीन वाटली, पाणी वाटलं, तशीच फुरसत पण वाटलेली आहे. फुरसतीचा सातबारा कुणाच्या नावावर आहे ते एकदा बघ. आमच्या बापजाद्यांच्या नावावर त्यातली एक गुंठा नव्हती. ती कुणी आपण होऊन देणार नाही, ती पण घ्यावी लागंल. पोरगं गप्प बसलं, पण पटलं नाही हे तोंडावर दिसत होतं. न पटू दे. पुढचं सगळं त्याच्यासाठीच लिहितोय.

आधी तळ्याचं. श्रीनगरपासून ५० किलोमीटरच्या आसपास, गांदरबल जिल्ह्यात नारानाग नावाचं गाव आहे. वांगथचा नाला तिथून खाली सिंद नदीला जातो. गाव समुद्रसपाटीपासून २,१०० मीटरच्या वर. आपलं कळसूबाई, महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक, १,६४६ मीटर. म्हणजे आपला डोंगर जिथं संपतो त्याच्याही वरती तिथली चाल सुरू होते. नारानागहून देवदाराच्या रानातून सरळ उभा चढ, मग बूथशेरी, मग त्रुंदखोलचं मोठं कुरण, मग नुंदकोल नावाचं धाकटं तळं आणि त्याच्या वरच्या अंगाला गंगाबल. लांबी अडीच किलोमीटरच्या घरात, रुंदी एक. उंची सुमारे ३,५७५ मीटर. मागं हरमुखचा डोंगर, ५,१४२ मीटर, त्याच्या अंगावरचं बर्फ वितळून हे पाणी होतं. गंगाबलचं पाणी नुंदकोलमधे उतरतं, नुंदकोलचं खाली नाल्यात. काश्मिरी पंडित आपल्या मयतांच्या अस्थी गंगाबलात सोडतात, फार जुनी रीत आहे त्यांची.

पुतण्यानं मोबाईलवर सगळं काढलं आणि जाहीर केलं, एका दिवसात जाऊन येऊ. जायचे १५ किलोमीटर, यायचे १५, वर चौदाशे-पंधराशे मीटरची चढण, आणि मधे मासे! मी म्हटलं, तुझ्या मोबाईलला गुडघे नाहीत, पँथरला आहेत. तिथल्या मेंढपाळाच्या पोराला जमतही असेल, आमच्या बिऱ्हाडाला नाही. तेव्हा असं ठरलंय: पहिल्या दिवशी सावकाश चढून त्रुंदखोलच्या कुरणात तंबू टाकायचा. तिथंच झोपायचं, म्हणजे विरळ हवेची छातीला सवय होईल. दुसरा दिवस खरा. झुंजुमुंजू झालं की निघायचं, उन्हं तळ्यावर पडायच्या आत नुंदकोल गाठायचं, मग गंगाबल, आणि दुपार कलायच्या आत तंबूकडे परत. डोंगरात दुपारनंतर वारं उठतं, आभाळ कधी फिरेल सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी खाली. जुलैआधी वर बर्फ असतं आणि ऑक्टोबरात पुन्हा पडायला लागतं, म्हणून सप्टेंबर.

आता मासा. ट्राऊट हा काश्मीरचा मासा नाही. साहेबाला विलायतेतली करमणूक इथं पाहिजे होती म्हणून तो आला. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणारा फ्रँक मिचेल नावाचा एक साहेब, त्यानं खटपट केली. ड्यूक ऑफ बेडफर्डनं इंग्लंडातून अंडी पाठवली, १८९९ साली, ती वाटेतच मेली. १९०० साली स्कॉटलंडहून दुसरा हप्ता आला, तो जगला. समुद्र ओलांडायचा, उन्हातान्हाचा आख्खा पंजाब आगगाडीनं ओलांडायचा, मग झेलमच्या खोऱ्यातल्या गाडीरस्त्यानं श्रीनगर, आणि एवढ्या वाटेत अंडी गार राहिली पाहिजेत. एका माशासाठी केवढी बडदास्त! त्याच काळात त्याच काश्मिरात गिलगिटच्या फौजेचं सामान वाहायला कुणब्यांना बेगारीत धरून नेत होते, आणि कितीतरी माणसं वाटेत थंडीनं, भुकेनं मरत होती. वॉल्टर लॉरेन्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८९५ च्या आपल्या पुस्तकात त्या बेगारीबद्दल लिहून ठेवलंय. माशाची अंडी जपून आणली, माणसं मोजली नाहीत.

हारवानला त्या माशांची पैदास झाली, आणि तिथून तो नाल्यानाल्यात, डोंगरावरच्या तळ्यातळ्यात सोडला. १९०३ साली संस्थानात मत्स्य कायदा झाला. म्हणजे ज्या पाण्यात गावचा माणूस आजवर हात घालत होता तिथं आता परवाना. साहेब आणि महाराजाचे पाहुणे गळ टाकणार, आणि गावचा माणूस तोच मासा धरेल तर चोर ठरणार. हे वाचलं तेव्हा मला काश्मीर एकदम ओळखीचं वाटलं.

शाखेतल्या पोराला हे सांगितलं तर ते उसळलं. "म्हंजे हा मासा पण वसाहतवादी हाय की!" खरंच आहे, थंड नाल्यांतले मूळचे मासे, रोहू-कटल्याच्या कुळातले, इंग्रजीत ज्यांना उगाच स्नो ट्राऊट म्हणतात, त्यांची जागा या पाहुण्यानं बळकावली. पोरगं म्हणालं, "मग त्याला मारणं कर्तव्यच." मी हसलो. माशाला कसली जात आणि कसला पक्ष? त्याला डब्यात घालून आणला, पाण्यात सोडला, तो जगला. दोष डबा पाठवणाराचा.

आपल्याकडचं मासे धरणं आठवा. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात नदी आटली की डोह तेवढे उरायचे. आई आणि वस्तीतल्या बाया गेळफळं कुटून डोहात टाकायच्या, नाहीतर शेराचा चीक. मासे गुंगून वर यायचे. मग आम्ही पोरं कमरेएवढ्या पाण्यात उतरून हातानं वेचायचो, लुगड्याच्या धडप्याचं जाळं करून झिंगे गाळायचो, दगडाखालचे खेकडे काढायचो. मरळ घावली तर सण. वाम घावली तर ती सापासारखी म्हणून धाकटी रडायची. गळाला गांडूळ लावून बसायला वेळ कुणाला होता? गळ हा एका माशाचा धंदा, आणि घरात खाणारी आठ. तो खेळ नव्हता. जोंधळा संपलेला असायचा, नवा यायला अवकाश असायचा, मधले ते दिवस होते.

आणि डोहालाही शीव होती. वरचा डोह गावाचा, खालचा आमचा. पाणी एकच, मासाही एकच. वरून खाली आला की महाराचा, खालून वर गेला की पाटलाचा. एकदा वडलांनी पुराच्या ओसरत्या पाण्यात वरच्या डोहात पाग टाकला. रात्र होती, पण गावाला रात्री जास्त दिसतं. सकाळी चावडीपुढं त्यांची टोपली उलटी केली. काय शिव्या दिल्या त्या इथं लिहीत नाही. डोह बाटला म्हणून दंड बसवला, आणि मासे? मासे वाड्यात गेले. धुऊन, मसाला लावून. आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं, आमच्या हातचा मासा चालला. बाटतं ते काय आणि बाटत नाही ते काय, याचं शास्त्र मला तेव्हाच कळलं. पुढं पुस्तकात वाचलं ते नुसती उजळणी.

महाडचं मी तुम्हाला सांगायला नको. तरी तारखा पुन्हा एकदा बघा, कारण तारखांत चीड भरलेली आहे. १९२३ साली मुंबई कौन्सिलात बोल्यांचा ठराव. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेचा ठराव की चवदार तळं सगळ्यांना खुलं. कागदावर खुलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब माणसं घेऊन गेले आणि पाणी प्याले, तर डोकी फुटली. आणि कोर्टाचा शेवटचा निकाल लागला १९३७ साली. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं कज्जा. आपल्या माणसाच्या मनात तळं म्हटलं की हेच येतं, आणि आलंच पाहिजे. पण तळ्याशी आमचं नातं फक्त कज्ज्याचंच राहावं का? तळं जिंकलं तर त्याच्या काठावर बसायचं कधी?

म्हणून परवान्याची गोष्ट मला फार गोड वाटते. तिथल्या मत्स्य खात्याकडून परवाना काढायचा, पैसे भरायचे. कुठल्या पाण्यात, कुठल्या तारखेला, किती मासे धरायचे त्याचे नेम असतात, ते पाळायचे. त्याला नाव लागतं, ओळखपत्र लागतं. जात लागत नाही. आमच्या पोरांनी जन्मभर जातीच्या दाखल्याच्या झेरॉक्सा जोडल्या, त्याशिवाय दार उघडत नाही म्हणून. आणि ज्या पाण्यावर एकेकाळी फक्त साहेब आणि राजा गळ टाकायचा तिथं आता पैसे भरून महाराची, मांगाची, चांभाराची पोरं उभी राहणार. तो कागद मी लॅमिनेशन करून आणणार आहे. हसा खुशाल.

पण गुरुजींचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यावर आमच्या चार बैठका झाल्या. १९५७ साली निघालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मधे बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार केलाय. त्यात मारण्याची गरज आणि मारण्याची हौस या दोन गोष्टी त्यांनी निराळ्या काढल्यात. बुद्धानं अहिंसा हे तत्त्व म्हणून सांगितलं, आंधळा नियम म्हणून नाही, असा त्यांचा अर्थ. गुरुजींनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "तुझी आई डोहात उतरली ती गरज. तू दोन हजार किलोमीटर जाऊन गळ टाकणार, ही हौस. बाबासाहेबांनी कुठली बाजू सांगितली?"

पुतण्या म्हणाला, "मग धरून सोडून देऊ. सगळे तसंच करतात आता. बिनकाट्याचा गळ मिळतो, मासा जिवंत परत जातो. फोटो काढायचा आणि सोडायचं." मला हे पहिल्यापासून पटलेलं नाही, अजून पटत नाही. ओठात गळ रुतवायचा, दमेपर्यंत ओढायचा, मग हळूच पाण्यात सोडून वर करुणा दाखवायची? ही तऱ्हा आपण फार भोगलीय. आधी छळायचं आणि मग सोडल्याबद्दल उपकार मोजायचे. सोडून देण्यातच हौस जास्त आहे. खाण्यासाठी धरणारा निदान खोटं बोलत नाही. माझं म्हणणं, त्या दिवशी त्या काठावर दुपारच्या भाकरीबरोबर जेवढं लागेल तेवढंच धरायचं. दोन मिळाले दोन. एकही नाही मिळाला तर पिठलं आहे. परवान्यात जादा बसत असले तरी जादा धरायचे नाहीत, आणि धरलेला वाया घालवायचा नाही. यानं हौसेची गरज होत नाही, हे मला कळतं. गुरुजी म्हणाले तेही हेच. वाद तुटलेला नाही.

तरी गुरुजी येतायत. त्यांनी भिक्खूंच्या विनयातला नियम काढलाय: आपल्यासाठी मारलेलं बघितलं नसेल, ऐकलं नसेल, संशय नसेल तर ताटात पडलेलं चालतं. म्हणून ते तळ्याकडे पाठ करून हरमुखकडे बघत बसणार. पँथर म्हणाला, "गुरुजी, तिकडं पाठ केली तरी वास यील."

पकडायचं कसं, त्याचा पुतण्यानं अभ्यास केलाय. ट्राऊटला गार आणि वाहतं, हवा मिसळलेलं पाणी लागतं, पाणी कोमट झालं की तो तडफडतो. तळ्यात तो खोल मधोमध नसतो, सकाळच्या वेळी काठानं फिरतो, आणि जिथं ओहोळ तळ्यात पडतो तिथं तोंड प्रवाहाकडं करून थांबतो, कारण खाणं वाहून येतं. म्हणून गंगाबलचं पाणी नुंदकोलमधे पडतं ती जागा आम्ही हेरून ठेवलीय. गंगाबलवर जिथं अस्थी सोडतात त्या काठाला गळ टाकायचा नाही, हे सगळ्यांना मंजूर आहे. दुसऱ्याच्या मयताच्या जागेचा मान कसा ठेवायचा हे आम्हाला कुणी शिकवायला नको. स्मशानाच्या रस्त्यासाठी आम्ही कोर्टात गेलेली माणसं आहोत.

गळाला गांडूळ नसतं, पिसांची माशी असते. कोंबड्याचं पीस, दोरा, बारीक तार गळाला गुंडाळून किड्यासारखी केलेली. तिला वजन नसतं, म्हणून ती फेकता येत नाही. वजन दोरीत असतं. काठी मागं न्यायची, दोरी मागं पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, आणि मग पुढं. हात घड्याळाच्या दहा आणि दोनच्या मधेच हलला पाहिजे. पुतण्या महिनाभर विहारामागच्या मैदानात बांबूला सुतळी बांधून हे करतोय. वस्तीतली पोरं गोल करून बसतात. मागच्या आठवड्यात शेजारणीची वाळत टाकलेली साडी त्यानं बरोबर पकडली. तोच आजवरचा सगळ्यात मोठा मासा.

दुसरी तऱ्हा आहे, तिला चमचाच म्हणतात. पत्र्याचा चकचकीत तुकडा, चमच्याच्या आकाराचा. पाण्यातून ओढला की गरागरा फिरतो, चमकतो, लहान माशासारखा दिसतो. मोठा मासा त्याला आपला समजून झडप घालतो आणि मागचा गळ तोंडात. पुतण्यानं वाचून दाखवलं तर पँथर ओरडला, "आरं, हे आपल्याला म्हाईत हाय की!" कांशीरामांनी १९८२ साली पुणे कराराला पन्नास वर्षं झाली तेव्हा चमचायुगावर आख्खं पुस्तक लिहिलं. निवडणुकीच्या पाण्यात असा चमचा फिरताना बघितला नाही असा एक तरी माणूस तुमच्या वस्तीत आहे का? चकचकीत, आपल्यातलाच वाटणारा, आणि दोरी तिसऱ्याच्याच हातात. ठरलं, चमचा वापरायचा नाही. मासे कमी मिळाले तरी चालतील.

सिस्टरताईंचं राहिलं. पुरुषांच्या बैठकीत सगळं ठरलं, गळ, काठी, परवाना, आणि तिखटमिठाची पिशवी कुणाकडं यावर सगळ्यांनी ताईंकडं बघितलं. त्या उठल्या. "मी अठ्ठावीस वर्षं ड्युटी करून घरी स्वयंपाक केला. मोर्चातपण तुम्ही भाषणं केलीत, आम्ही पोळ्या लाटल्या. ३,५०० मीटरवर पण मीच चूल पेटवू? काठी माझ्या हातात द्या, नाहीतर मी येत नाही." मग काय. एक काठी ताईंच्या नावावर. मासे साफ करणं पँथरकडे, कारण खाणार सगळ्यात जास्त तोच. ताईंनी जाता जाता डाळही कापली यादीतून: तिथं पाणी ८८-८९ अंशांवरच उकळतं, डाळ शिजणार नाही, बेसन घ्या, भाजलेल्या शेंगदाण्याची चटणी घ्या. सगळ्यांचा रक्तदाब मोजून घेतला. डोकं ठणकायला आणि मळमळायला लागलं की तो माणूस लगेच खाली उतरणार, मग तो कुणीही असो, असा त्यांचा हुकूम.

घोड्यावरून एक वाद अजून तापलेला आहे. सामान वाहायला नारानागला घोडेवाले मिळतात. मी म्हणालो, आपलं ओझं आपण नेऊ. आमच्या आज्यानं साहेबाचा, मामलेदाराचा बाडबिस्तरा डोक्यावर घेऊन गाव ते गाव पोचवला, फुकट. १९२८ साली बाबासाहेबांनी कौन्सिलात वतनाचं बिल आणलं, आणि वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानं, इतकी ती चिवट. आता मी दुसऱ्याच्या पाठीवर ओझं ठेवू? तर पुतण्या म्हणतो, "काका, तुम्ही नाही ठेवलं तर त्याचा रोज बुडला. बेगार आणि मजुरी एक का?" पोराचं म्हणणं बिनतोड आहे. या कुरणांवर उन्हाळ्यात गुज्जर-बकरवाल राहतात, १९९१ पासून ते अनुसूचित जमातीत आहेत, त्यांचंही पोट या दोन-तीन महिन्यांवर असतं. म्हणून घोडा एक करायचा. भाव आधी ठरवायचा, पैसे रोजच्या रोज द्यायचे, आणि घोडेवाला आमच्याबरोबर एका पंगतीला जेवणार. पँथरचा गुडघा बोलला तर घोडा त्याचा, सामान आमच्या पाठीवर.

हारवानला एक दिवस ठेवलाय, तो कुणी सांगून ठेवला नाही, आपोआप पडला. खाली ट्राऊटची पैदास होते, आणि वर टेकडीवर बौद्धांचे अवशेष आहेत. मातीच्या भाजलेल्या फरश्या निघाल्या तिथं, त्यांवर माणसं, हरणं, हंस उठवलेले, आणि खरोष्ठीतले आकडे. कनिष्काच्या काळची धम्मसंगीती काश्मिरातच भरली अशी परंपरा आहे, नागार्जुन इथं राहिला असं राजतरंगिणी सांगते. साहेबाला मासे वाढवायला नेमकी हीच जागा मिळाली. गुरुजी फक्त त्या एका दिवसासाठी आमच्या बाकीच्या पापात सामील होतायत असं त्यांचं म्हणणं आहे.

मग पँथर म्हणाला, जम्मूत गाडी बदलायचीच आहे तर वाल्मीकी वस्तीत एक संध्याकाळ काढू. १९५७ साली सफाईच्या कामाला त्यांना पंजाबातून आणलं आणि पुढं साठ वर्षं त्यांच्या शिकलेल्या पोरांनाही झाडूखेरीज दुसरी सरकारी नोकरी मिळू दिली नाही, कारण ते राज्याचे कायम रहिवासी नव्हते. २०१९ नंतर ते बदललं. त्यांना विचारू, आता कसं आहे? गुरुजी म्हणाले, छोटी सभाच घेऊ. पोरगं, तेच ते शाखेतलं, म्हणालं पत्रकं मी छापून देतो. बघता बघता वहीत दोन सभा, एक भेट, एक निवेदन, आणि मासे धरायचा दिवस अर्धा! ताईंनी वही ओढून घेतली, सभा खोडल्या, भेट ठेवली. वाल्मीकी वस्तीत जायचं, पण चहा प्यायला, भाषण करायला नाही.

काळजीचंही लिहितो, कारण कुणी ऐकून उठून निघायला नको. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ बैसरनला २६ माणसं मारली. त्यानंतर काश्मिरातल्या कितीतरी जागा बंद केल्या, मग टप्प्याटप्प्यानं काही उघडल्या. डोंगरातल्या वाटा कधी उघड्या, कधी बंद हे आज लिहून उपयोग नाही. निघायच्या आठवड्यात गांदरबलला विचारायचं, परवानगी लागत असेल ती घ्यायची, नाही म्हटलं तर हट्ट करायचा नाही. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसनं जम्मू. पुढं जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वे सुरू झालीय, ती. नारानागची वाट बंद निघाली तर हारवान बघून, खालच्या एखाद्या नाल्यावर परवाना काढून बसू. पँथरला तर तेच बरं, चढ नाही.

तिकिटं काढायची आहेत. दोन काठ्या श्रीनगरात भाड्यानं घ्यायच्या, तंबू इथूनच एकाकडून मिळतोय. पाच किलो बाजरीचं पीठ, ते लवकर कडू होतं म्हणून निघायच्या आदल्या दिवशी दळायचं. ताई आणि पुतण्या नोकरीत आहेत, त्यांच्या अर्जित रजेचे अर्ज गेलेत. पुतण्यानं कारणाच्या रकान्यात "घरगुती काम" लिहिलं. ताईंनी लिहिलं, "मासे धरण्यासाठी". त्यांच्या हेडक्लार्कनं अर्ज परत पाठवला, कारण सविस्तर लिहा म्हणून. ताईंनी त्याखाली तळ्याचं नाव, उंची आणि जिल्हा घालून तो सोमवारी पुन्हा आत दिलाय.